हा राग साखरेचा नव्हे

तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण रागाबद्दल म्हणतो. ब्रेकबाईंच्या बाबतीत ती आग खरोखरच तळपायात होती, आणि मस्तकात जायला तिला फारसा वेळ लागत नसे.

ब्रेकबाई हे नाव त्यांना शिकाऊ लोकांनी दिलेलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि बाईंनी वीसेक वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. त्या ओरडायच्या, पण उगाच नाही. चूक झाली की ओरडायच्या, सुधारली की तिथल्या तिथे विसरायच्या. त्यामुळे लोक घाबरतही आणि आपल्या मुलासुनांना त्यांच्याकडेच पाठवतही.

मधुमेह त्यांच्याकडे आईकडून आला होता. आधी गोळ्या झाल्या, मग सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. ते त्यांनी दात घासण्यासारखं अंगवळणी पाडून घेतलं होतं. पण गेल्या तीन-चार वर्षांत साखरेनं पायांच्या नसा धरल्या. दिवसा मुंग्या, संध्याकाळी टोचण्या, आणि आडवं झालं की तळव्यांखाली निखारे. अंगावरची चादर पायाला लागली तरी सहन होत नसे. दुखणं थांबवायच्या गोळ्या होत्या, त्यांनी दुखणं थोडं थांबे आणि बाई पुरत्या थांबत. ब्रेकवर पाय ठेवून डुलक्या घेणारी मास्तरीण कोणाला चालेल?

त्यात सल्ले. थंड पाण्यात पाय बुडवा, गरम पाण्यात बुडवा, अनवाणी चाला, अजिबात अनवाणी चालू नका. धाकट्या नणंदेनं तर एक कडू पावडर डबा भरून पाठवली होती. तिच्या शेजारणीच्या दिराचे पाय त्या पावडरीनं बरे झाले होते म्हणे. बाईंनी एकदा झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण लावलं.

शेवटी दुखण्याच्या डॉक्टरांनी एक मार्ग सुचवला. हे डॉक्टर उंच, तरुण आणि सतत घाईत असलेले. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूजवळ दोन बारीक तारा सरकवायच्या आणि कमरेत कातडीखाली काडेपेटीएवढी बॅटरी बसवायची. तारांमधून बारीकसा विद्युतप्रवाह जात राहतो आणि पायांकडून मेंदूकडे जाणारी दुखण्याची ओरड वाटेतच दबते. आधी आठवडाभर बॅटरी बाहेर ठेवून नुसती चाचणी करायची. गुण आला तरच पुढचं.

बाईंचे यजमान टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हयात तारा जोडण्यात गेली होती. तार म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. त्यांनी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की डॉक्टरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं आणि बाईंनी एकदा यजमानांच्या पायावर पाय दिला, आपला पाय दुखतो हे विसरून.

चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी बाई सकाळी उशिरा उठल्या आणि घाबरल्या. आपल्याला झोप लागली होती हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. पाय होते तिथेच होते, पण गप्प होते. पुढच्या महिन्यात मशीन कायमचं बसलं. काही आठवडे वाकायचं नाही, वळायचं नाही, वजन उचलायचं नाही. धाकटी नणंद मदतीला राहायला आली आणि आल्या आल्या तिनं विचारलं की पावडर चालू आहे ना. बाई "हो" म्हणाल्या. आजारी माणसाला वाद परवडत नाही.

आणि मग साखर उतरायला लागली.

सकाळी उपाशीपोटी बोट टोचलं की जो आकडा वर्षानुवर्षं दोनशेच्या आसपास घुटमळायचा, तो दीडशेच्या आत आला, मग सव्वाशेच्याही खाली. घरात आनंदीआनंद. आता यशाला बाप पुष्कळ असतात, तसे या आकड्यालाही निघाले. यजमान म्हणाले, मशीन. नणंद म्हणाली, पावडर. परगावची मुलगी फोनवर म्हणाली की तिनं आईच्या मोबाइलमध्ये जे पावलं मोजायचं ॲप टाकून दिलं होतं, त्याचा हा परिणाम. बाईंना कोणाचंच काही पडलं नव्हतं. पाय गार होते, रोज संध्याकाळी त्या आपणहून फिरायला जात होत्या. श्रेय कोणाला द्यायचं ते द्या, पण मला चहा करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच डोक्यात आली नाही. साखर खाली येत होती आणि इन्सुलिन होतं तेवढंच होतं. दुखण्याच्या डॉक्टरांनी साखरेबद्दल काही सांगितलं नव्हतं, कारण तो त्यांचा विषय नव्हता. साखरेच्या डॉक्टरांची भेट पुढच्या महिन्यात होती. आणि घरचे सगळे सकाळचा एक आकडा बघून टाळ्या वाजवत होते. दुपारी बाराला साखर कुठे जाते हे कोणी पाहतच नव्हतं.

डॉक्टरांच्या परवानगीनं बाई कामावर परतल्या. पण त्यांची चिडचिड वाढली. सकाळी ठीक असत. दुपार जवळ आली की बिनसत. लावलेल्या इंडिकेटरबद्दल "इंडिकेटर कुठाय?" म्हणून ओरडत. स्कूलच्या मालकांशी त्यांनी गाडीच्या किल्लीवरून कडाक्याचं भांडण केलं, आणि किल्ली त्यांच्याच हातात होती. घरी येऊन जेवल्या की सगळं शांत. यजमान बहिणीला हळूच म्हणाले, दुखणं गेलं, स्वभाव राहिला. बाईंनी ते ऐकलं. आपलं काहीतरी चुकतंय हे त्यांनाही कळत होतं, फक्त काय ते कळत नव्हतं.

त्यांच्याकडे तेव्हा एक ग्रंथपाल शिकत होते. पन्नाशीचे, अतिशय हळू बोलणारे. परीक्षेत दोनदा नापास झालेले, दोन्ही वेळा रिव्हर्समध्ये. गाडीला ते पुस्तकासारखं हाताळत, पान फाटेल अशा बेतानं. त्या दिवशी दुपारी ते मोठ्या चौकाकडे निघाले असताना बाई म्हणाल्या, "डावीकडे." त्यांनी गाडी डावीकडे घेतली. बाई पुन्हा म्हणाल्या, "डावीकडे." ते पुन्हा वळले. लगेच बाई कडाडल्या, डावीकडे घ्यायला कोणी सांगितलं, कान फुटलेत का, आणि भर रस्त्यात त्यांनी आपल्या पायाखालचा ब्रेक करकचून दाबला. मागून येणाऱ्या टेम्पोनं जेमतेम गाडी वाचवली आणि टेम्पोवाल्यानं काच खाली करून जे म्हणायचं ते म्हटलं.

ग्रंथपालांनी बाईंकडे पाहिलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे, हात थरथरत होते, आणि डोळे समोर असूनही कशावरच नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाला न विचारता गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. समोरच्या दुकानातून सरबताची गोड बाटली आणून झाकण उघडून बाईंच्या हातात दिली, आणि बाई नको म्हणत असताना शांतपणे हात धरून प्यायला लावली. त्यांच्या वडिलांना मधुमेह होता. असं त्यांनी घरी पाहिलं होतं.

थोड्या वेळानं बाईंना रस्ता दिसायला लागला. आपण कुठे आहोत, शेजारी कोण बसलंय, सगळं एकेक करून परत आलं. त्यांनी आधी विचारलं की कोणाला लागलं नाही ना. मग विचारलं, "मी काय म्हटलं तुम्हाला?"

"विशेष काही नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"खरं सांगा."

"दोनदा डावीकडे म्हणालात, मॅडम. मग कोणी सांगितलं म्हणून विचारलंत."

बाईंनी बाटली संपवली. आपली गाडी, आपला ब्रेक, आणि त्याच ब्रेकनं आपण माणूस मारला असता. घरी पोहोचवायला ग्रंथपालांनी रिक्षा बोलावली आणि यजमानांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाराच्या सुमाराला बोट टोचलं. आकडा पन्नाशीत. बाई काहीतरी खाऊन, यजमानांना सोबत घेऊन तडक साखरेच्या डॉक्टरांकडे गेल्या. या डॉक्टर म्हणजे बाईंच्याच वयाच्या, कडक, चष्म्यावरून पाहणाऱ्या बाई. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं की जेवण कमी केलंय का. नाही. व्यायाम वाढवलाय? संध्याकाळी फिरते. मग त्याचाच परिणाम. यजमानांनी मशीनचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या की ते मशीन दुखण्यासाठी असतं, साखरेशी त्याचा संबंध लावणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडल्यासारखं आहे. तरी एकदा तुमच्या दुखण्याच्या डॉक्टरांना विचारून या, मग डोस ठरवू.

दुखण्याच्या डॉक्टरांकडे दीड तास बसावं लागलं. ते म्हणाले, साखर हा माझा विषय नाही, डोस तुमच्या साखरेच्या डॉक्टरच ठरवतील.

इथे ब्रेकबाईंचा संयम संपला. वीस वर्षं शिकाऊ माणसांना क्लच आणि गिअर एकाच वेळी हाताळायला शिकवणाऱ्या बाई होत्या त्या. दोन शिकलेल्या माणसांना एकमेकांशी बोलायला लावणं त्यांना अशक्य नव्हतं. त्यांनी तिथेच मोबाइल काढला, साखरेच्या डॉक्टरांना लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"माझी पाठ यांच्याकडे आहे आणि माझी साखर तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "पण बाई एकच आहे. आता तुम्ही दोघं बोला. मी बसलेय."

मग उंच डॉक्टरांनी घसा साफ केला आणि पहिल्यांदाच घाई न करता बोलले. मशीन बसवल्यावर काही रुग्णांची साखर उतरलेली दिसली आहे, ते म्हणाले, काहींची नाही. नक्की का, ते अजून कोणाला ठामपणे सांगता येत नाही. ज्या भागात या तारा असतात तिथल्याच नसांमधून यकृताला, स्वादुपिंडाला निरोप जातात. त्या निरोपांत काही फरक पडत असेल. किंवा सरळ गोष्ट असेल: सतत दुखत असलं की शरीर ताणात राहतं, आणि ताणाचे हार्मोन साखर चढवतात, इन्सुलिन लागू पडू देत नाहीत. दुखणं थांबलं, झोप लागली, पावलं वाढली, तेव्हा तेच इन्सुलिन जास्त लागू पडायला लागलं. "साखरेसाठी आम्ही हे मशीन बसवत नाही, आणि तसं कोणाला सांगतही नाही," ते म्हणाले. "पण साखरेवर लक्ष ठेवा एवढं मी सांगायला हवं होतं."

फोनमधून साखरेच्या डॉक्टरांचा आवाज आला, मघापेक्षा जरा मऊ. कारण काही का असेना, डोस आजपासूनच कमी करू. त्यांनी तिथल्या तिथे नवा डोस सांगितला, गाडीत बसण्याआधी दर वेळी साखर बघायची अट घातली, आणि ती स्थिर होईपर्यंत काही दिवस शिकवणी बंद ठेवायला सांगितली. बाईंना ते पटलं. त्या टेम्पोचा आवाज त्यांच्या कानातून अजून गेला नव्हता.

खरा वैताग पुढे होता.

राग हे साखर घसरल्याचं लक्षण असतं, ही गोष्ट यजमानांनी मनावर घेतली, आणि ते एखादी गोष्ट मनावर घेत तेव्हा तिचं खोबरं करून सोडत. बाईंनी जरा आवाज चढवला की समोर साखर मोजायचं यंत्र. मोलकरणीला फरशी नीट पूस म्हटलं, यंत्र. टीव्हीचा आवाज कमी करा म्हटलं, यंत्र. एकदा यजमानांनी दूध उतू घालवलं, बाई त्यावरून बोलायला लागल्या, तर ओला हात पुसत तेच यंत्र घेऊन आले. नणंद मागून बिस्किटांचा पुडा घेऊन उभी. बाईंना हसावं की रडावं कळेना. नवऱ्याची चूक काढायला आता बोटातून रक्त काढावं लागत होतं.

त्यातच यजमानांनी एक शास्त्रीय प्रयोग सुचवला. आठवडाभर मशीन बंद ठेवायचं आणि साखर चढते का बघायचं, म्हणजे एकदाचं सिद्ध होईल. बाई म्हणाल्या, माझे पाय म्हणजे तुमचं टेलिफोन एक्स्चेंज नाही. आणि समजा चढलीच साखर, तर ती मशीनमुळे की झोप मोडल्यामुळे, हे तुम्हाला कोण सांगणार? यजमान विचारात पडले. नणंदेनं तेवढ्यात म्हटलं की प्रयोगाची गरजच नाही, हे सगळं पावडरीचंच काम आहे, तिनं आपल्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलंसुद्धा आहे.

"अगं, मी त्यातला एक चमचा घेतलेला नाही," बाई म्हणाल्या. बोलून गेल्या आणि जीभ चावली.

नणंद स्वयंपाकघरात गेली. फळीवरून डबा काढला. तो काठोकाठ भरलेला होता. दुसऱ्या दिवशी ती आपल्या घरी गेली. बाईंना वाईट वाटलं. इतके आठवडे ही बाई आपले कपडे धूत होती, आपल्याला उचलून बसवत होती, आणि बदल्यात आपण तिला एवढं एक खोटंसुद्धा टिकवून दिलं नाही. त्यांनी नंतर फोन केला, तेव्हा नणंद फक्त म्हणाली, "वहिनी, नको होती तर नको म्हणायचं होतंत." ते बरोबरच होतं.

साखर हळूहळू स्थिरावली. डोस आणखी एकदा कमी झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली तशी बाई स्कूलमध्ये गेल्या, तर मालक खुर्चीतून उठून उभे राहिले आणि अडखळत त्यांना शुभेच्छा देऊ लागले. कसल्या? निवृत्तीच्या. यजमान मागच्याच आठवड्यात येऊन सांगून गेले होते की ती आता शिकवणार नाही. बाईंची गाडी दुसऱ्या मास्तरांना दिलीसुद्धा होती.

बाई घरी चालत आल्या. रिक्षा केली नाही, कारण रिक्षात बसवत नव्हतं. दारातूनच त्यांनी सुरुवात केली, आणि पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत यजमानांनी टेबलावरचं यंत्र उचलून पुढे केलं.

बाई थांबल्या. खुर्ची ओढून बसल्या. पट्टी लावली, बोट टोचलं, थेंब लावला. दोघंही आकडा यायची वाट बघत राहिले. एकशे चौतीस.

"बघितलात?" बाईंनी यंत्र त्यांच्याकडे वळवलं. "आता हा राग साखरेचा नाही. माझा आहे. बसा आणि ऐका."

यजमान बसले.

बाई खूप वेळ बोलल्या. पाय जळत होते तेव्हा मी कामावर जात होते, तेव्हा तुम्ही मला थांबवलं नाही. आता पाय थंड आहेत तर घरी बसवता. डॉक्टर म्हणतात शिकव, आणि तुम्ही मालकांकडे जाऊन परस्पर सांगता, माझ्या नावानं, मला न विचारता. माझ्या पाठीत तार आहे, दंडात सुई आहे, बोटात सुई आहे. माझ्या अंगात आता माझं असं एवढंच उरलंय की मला राग येतो, आणि तोही तुम्ही मोजायला निघालात.

यजमान खाली बघत होते. ते म्हणाले, "ग्रंथपालांचा फोन आला ना त्या दिवशी, त्यांचा आवाज इतका हळू होता की मला अर्धं ऐकूच आलं नाही. 'मॅडमना घेऊन येतोय' एवढंच ऐकलं. तुम्ही दोघं येईपर्यंत मी दारात उभा होतो. मला वाटलं, काय घेऊन येतायत कोणास ठाऊक." त्यांनी समोरचं यंत्र बाजूला सारलं. "मी घाबरलो गं."

बाईंचा आवाज उतरला, पण राग गेला नाही. "घाबरलात तर मला सांगायचं. मालकांना नाही."

दुसऱ्या दिवशी यजमान सकाळीच स्कूलमध्ये गेले. तिथे त्यांनी काय सांगितलं ते त्यांनी घरी सांगितलं नाही, पण परत आले तेव्हा कान लाल होते. मालकांनी साखरेच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, ती बाईंनी नेऊन दिली. गाडी परत मिळाली, पण सकाळच्या पाळीपुरतीच. संध्याकाळची पाळी त्या दुसऱ्या मास्तरांकडेच राहिली. बाईंना ते आवडलं नाही आणि त्यांनी तसं मालकांना सांगितलं. घरात ठरलं की यजमानांनी दिवसातून एकदाच विचारायचं, तेही तोंडानं, यंत्र हातात न घेता. ते बहुतेक दिवस पाळतात.

डाव्या पायाचा अंगठा अजून संध्याकाळी चुरचुरतो. मशीनचं म्हणाल तर साखर कशानं उतरली हे कोणीच सांगू शकलेलं नाही. साखरेच्या डॉक्टर अजून म्हणतात की एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण असं मशीन बसवलेला दुसरा कोणी त्यांच्याकडे आला की त्या पहिल्या आठवड्यातच दुपारची साखर बघायला लावतात.

ग्रंथपाल परत शिकायला आले. पहिल्याच दिवशी रिव्हर्स घेताना गाडी फूटपाथवर चढली आणि बाई अशा काही ओरडल्या की बाकावर बसलेली दोन माणसं उठून उभी राहिली. ग्रंथपालांनी हळूच त्यांच्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"बघितलीय," बाई म्हणाल्या. "एकशे एकवीस. आता तुम्ही आरशात बघा."

ग्रंथपालांनी आरशात पाहिलं, गाडी खाली उतरवली, आणि पुन्हा वाकडीच घेतली.